तुम्ही विचारलंत म्हणून: मंडळी बदलली की उपदेश का बदलतो?

"पाळकसाहेब, मुंबईत तुम्ही कागद समोर ठेवून पंधरा मिनिटांत उपदेश आटोपता. आमच्याकडे आलात की तासभर बोलता, मध्येच पदही म्हणता. मग तुमचा खरा उपदेश कोणता?" हे मला बऱ्याच ठिकाणी विचारतात. ईश्वरविद्या शिकणारी तरुण मुलं तर जरा संशयानंच विचारतात. पद्धत बदलली म्हणजे वचनाशी तडजोड झाली, असं त्यांना वाटतं.

मला तसं वाटत नाही. प्रत्येक मंडळीला, म्हणजे चर्चमध्ये एकत्र जमणाऱ्या लोकांना, ऐकण्याची एक सवय असते, पिढ्यान् पिढ्या मुरलेली. ती समजून न घेता पुलपिटावर चढणं हा त्या लोकांचा अनादर आहे, असं मी मानतो.

आमच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचंच बघा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या एक झाल्या, पण ज्याच्या त्याच्या सवयी राहिल्याच. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, वळणाच्या चर्चमध्ये उपदेशानंतर प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी) असतं, सगळी उपासना तिकडे चाललेली असते. तिथे लांबण लावलेली खपत नाही. नगरकडची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे अमेरिकन मिशनऱ्यांच्या, परंपरेतली. त्यांच्या उपासनेत उपदेशच मुख्य. शिवाय त्याच भागात कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन रुजवलं आणि पुढे नारायण वामन टिळकांनी पदं दिली. ती पदं तिथल्या आजीबाईंना पुस्तकाशिवाय येतात.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला मी सगळीकडे सांगतो. धाकटा मुलगा वाटणी घेऊन जातो, सगळं उधळून परत येतो, बाप त्याच्यासाठी मेजवानी देतो आणि घरी राबलेला थोरला रुसतो, अशी ती गोष्ट. धाकट्यानं बाप जिवंत असताना वाटणी मागितली, म्हणजे नेमकं काय केलं, हे मुंबईत समजावून सांगावं लागतं. गावात ते वाक्य उच्चारलं की पुढे बसलेली म्हातारी माणसं एकमेकांकडे बघतात. सातबाऱ्यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेली घरं त्याच मंडळीत बसलेली असतात. तिथे मी पुढचं वाक्य लगेच बोलत नाही. कीर्तनात पूर्वरंगात विषय मांडायचा, उत्तररंगात आख्यान लावायचं आणि मध्ये ध्रुवपद लोकांच्या हाती द्यायचं. उपदेशकानं जागा सोडलीच नाही तर मंडळीनं शिरायचं कुठून? लिहिलेल्या उपदेशात तेच वाक्य पुन्हा आलं की खटकतं. इथे ते तिसऱ्यांदा आलं की झांज वाजते आणि मागच्या रांगेतल्या बायकाही ते उचलतात.

एकदा उपासनेनंतर एका आजींनी मला विचारलं, "थोरल्याचं काय चुकलं वो? शेतात तोच राबला, करडूबी नाही मिळालं त्याला." जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केलेल्या बाईचा तो प्रश्न होता. तेव्हापासून मी गावात थोरल्या भावाला अधिक वेळ देतो. बाप धाकट्यासाठी धावत गेला हे सगळ्यांना पाठ असतं. रुसलेल्या थोरल्याची समजूत घालायलाही तोच बाप भर मेजवानीतून उठून बाहेर आला, हे त्या मंडळीला आधी ऐकायचं असतं.

पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, मंडळीत गेलो की आधी बराच वेळ गाणी होतात, मग प्रत्येक संदर्भाला बायबलची पानं उलटतात, मोबाईल उघडतात, "आमेन" येतं. "मी उठून आपल्या बापाकडे जाईन" हे वचन तिथे मी वाचतो आणि लोकांना पुढे बोलावून प्रार्थना करतो. वचन ऐकल्यावर माणसानं काहीतरी करावं, ही त्यांची अपेक्षा मला अगदी रास्त वाटते.

तडजोडीचं म्हणाल, तर बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक उघडा. पिसिदियातल्या अंत्युखियात, यहुद्यांच्या सभास्थानात, प्रेषित पौल मिसरापासूनचा (इजिप्तपासूनचा) इस्राएलाचा इतिहास सांगतो. लुस्त्र गावात शास्त्राचं एकही वचन न घेता पाऊस आणि पीकपाण्याबद्दल बोलतो. अथेन्सला 'अज्ञात देवा'ची वेदी दाखवतो आणि त्यांच्याच कवींची ओळ घेतो. येशूचं पुनरुत्थान (मेलेल्यांतून उठणं) मात्र तो तिथेही गाळत नाही, काहींनी त्यावरूनच थट्टा केली तरी.

माझीही हद्द तीच. तासभर बोला म्हटलं तर बोलेन, टाळ्या वाजवा म्हटलं तर वाजवेन, चपला बाहेर काढून जमिनीवर बसेन. पण "दान टाका, दुप्पट परत मिळेल" असं सांगा म्हटलं तर सांगणार नाही. आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून मनापासून प्रार्थना करीन, पण आज रात्रीच बरा होशील, गोळ्या बंद कर, असं माझ्या तोंडून येणार नाही. एका ठिकाणी हे आधीच स्पष्ट सांगितलं तेव्हा पुन्हा बोलावणं आलं नाही. दुसऱ्या ठिकाणच्या पाळकांनी मात्र उपासनेनंतर मला आजाऱ्यांच्या घरी नेलं, आणि प्रत्येक घरातून निघताना ते आवर्जून विचारत होते, "औषध वेळेवर घेताय ना?"