पंचविशीत शिकलेली भाषा

गुरुवार, रात्री

आज वर्ग सुटल्यावर सोलापूरची ती मुलगी बाकावरच बसून राहिली. नर्सिंग झालंय, दोन वर्षं आयसीयूत ड्यूटी केलीय, आता जर्मनीला जायचं म्हणून भाषा शिकतेय. बी-वन या मधल्या पातळीच्या परीक्षेत लेखनात पुन्हा राहिली. मला म्हणाली, "मॅडम, पंचवीस पूर्ण झाली मला. या वयात नवी भाषा डोक्यात बसते का हो खरंच?" मी चार धीराचे शब्द बोलले, पण ते तिला पोचले नाहीत हे दिसत होतं. रिक्षात बसले आणि एकदम विनोदी लेखक एफ्राइम किशोन आठवला. पंचवीस! नवी भाषा शिकायला लागला तेव्हा तोही जवळपास पंचवीस वर्षांचाच होता. तिथंच सांगायला हवं होतं तिला. उद्या सांगताना काही निसटू नये म्हणून आज सगळं लिहून काढतेय.

मी स्वतः जर्मन शिकत होते तेव्हा किशोन पहिल्यांदा हाती आला. बायको, मुलं, शेजारी, सरकारी खिडकी यांच्यावरचे दोन-तीन पानी लेख. आमच्यासारख्या शिकाऊंना झेपतील अशा लांबीचे. आम्ही सगळे त्याला जर्मन लेखकच समजत होतो. पुस्तकात आतल्या पानावर फ्रीडरिश टोरबर्ग या अनुवादकाचं नाव छापलेलं होतं, पण आतली पानं कोण वाचतं त्या वयात? एक दिवस ते नाव नजरेला पडलं आणि कळलं की आपण ज्याला जर्मन समजून हसत होतो तो माणूस हिब्रूत लिहितो, आणि हिब्रूही त्याची जन्मभाषा नाही.

जन्म २३ ऑगस्ट १९२४, बुडापेस्ट. नाव फेरेन्स होफमान. घरात हंगेरियन बोलायचे. शाळेत असतानाच कथेला बक्षीस मिळवलेला मुलगा, पण ज्यूंविरुद्धच्या कायद्यांमुळे पुढे विद्यापीठाचं दार बंद झालं, म्हणून सोनारकाम शिकायला लागला. मग नाझींच्या छळछावण्या. त्याने स्वतः सांगितलंय की एका छावणीत त्याला बुद्धिबळाने वाचवलं. तिथल्या अधिकाऱ्याला खेळायला कुणीतरी हवा होता. दुसऱ्या एका ठिकाणी कैद्यांना रांगेत उभं करून दर दहाव्याला गोळी घातली आणि हा दहावा नव्हता. पुढे पोलंडकडे नेत असताना निसटला आणि स्लोव्हाक मजूर असल्याचं भासवून युद्ध संपेपर्यंत तगला. आई, वडील, बहीण वाचले. बाकीचे पुष्कळ नातेवाईक आउशविट्झच्या छावणीत मारले गेले. नंतर त्याने लिहिलं की मारणाऱ्यांच्या हातून एक चूक झाली, एक विनोदी लेखक जिवंत राहिला. ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते.

युद्धानंतर हंगेरीत कम्युनिस्टांचा अंमल आला. तिथंही तो लिहीत होता, किशोंत या नावाने. पण १९४९ मध्ये त्याने देश सोडला आणि बोटीने इस्रायलमध्ये हैफाला उतरला. बंदरावरच्या कारकुनाने नाव विचारलं. "फेरेन्स." असं नाव नसतंच, म्हणत कारकुनाने 'एफ्राइम' लिहिलं. किशोंतचा शेवटचा 'त'ही उडवला. राहिलं किशोन. हैफाजवळ समुद्राला मिळणाऱ्या नदीचंही हेच नाव आहे. किशोन हा प्रसंग गमतीने सांगायचा. मला मात्र त्यात दरवेळी काहीतरी टोचतं. माणूस मरणाच्या दाढेतून बाहेर येतो, आईबापांनी ठेवलेलं नाव तेवढं जपून आणतो, आणि तेही टेबलावरच राहतं. माझ्या वर्गातल्या मुलींची नावं तिकडच्या वॉर्डात कशी उच्चारली जाणार आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून टोचत असेल.

बंदरावरून निर्वासितांच्या छावणीत, तिथून नाझरेथजवळच्या क्फार हाखोरेश या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतवस्तीत. पडेल ते काम आणि उरलेल्या वेळात हिब्रू. लिपी उलट्या दिशेची, शब्दांची मुळंच निराळी, घरच्या बोलीशी काही म्हणजे काही नातं नाही. तरीही दोन-एक वर्षांत तो छापून यायला लागला. आधी 'ओमेर' या दैनिकात. हे वर्तमानपत्र नवख्यांसाठी सोप्या हिब्रूत, स्वरचिन्हं देऊन छापायचे. वर्गातल्या त्या मुलीला हे आवर्जून सांगायचंय: सुरुवात त्याने सोप्या भाषेतच केली, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. मग १९५२ पासून 'मआरीव' या मोठ्या दैनिकात त्याचं सदर सुरू झालं, 'हद गद्या' नावाचं. वल्हांडणाच्या रात्री ज्यू घरांत म्हटलं जाणारं एका करडाचं गाणं आहे, त्यावरून हे नाव. सदर जवळजवळ तीस वर्षं चाललं, आणि त्यातली बरीच वर्षं जवळपास रोज. रोज एक लेख, उसन्या भाषेत! उसनी तरी का म्हणायचं? पाचव्या-सहाव्या वर्षी ती त्याचीच झाली होती.

त्याच्या लेखनातली मला सर्वांत आवडती गोष्ट कालव्याची. वेड्यांच्या इस्पितळातून ब्लाउमिल्ख नावाचा माणूस पळतो, खडक फोडायचं यंत्र मिळवतो आणि तेल अवीवचा भर रहदारीचा अ‍ॅलनबी रस्ता खणायला लागतो. कुणी अडवत नाही. प्रत्येक खात्याला वाटतं, दुसऱ्या खात्याचं काम चाललंय. पोलीस वाहतूक वळवून देतात. पालिका आणखी माणसं लावते. शेवटी खणत खणत रस्ता समुद्राला भिडतो, पाणी आत येतं आणि महापौर थाटात कालव्याचं उद्‌घाटन करतात. यावर त्याने स्वतःच १९६९ मध्ये चित्रपट केला. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर खणलेला रस्ता ज्याने पाहिलाय त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

कादंबरी मात्र थोड्या लोकांनी वाचलेली असते. 'कोंबड्यांच्या खुराड्यातला कोल्हा', १९५५ ची. एक मुरलेला पुढारी विश्रांतीसाठी दूरच्या खेड्यात जातो. तिथे ना निवडणूक, ना पक्ष, सगळं सुरळीत. त्याला ते सहनच होत नाही. तो गावाला राजकारण शिकवतो, न्हावी आणि चांभार एकमेकांसमोर उभे राहतात आणि बघता बघता गावाची दोन गावं होतात. देश जेमतेम सात वर्षांचा, आणि नुकताच आलेला हा माणूस त्याच्या पुढाऱ्यांबद्दल असं लिहितो. याला मी धैर्य म्हणते. आपला झाल्याशिवाय माणूस असं रागावत नाही.

त्याचं सगळंच मला पटतं असं नाही. १९६४ चा 'सल्लाह शबाती' हा त्याचा चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. नायकाचं काम टोपोल या नटाने अप्रतिम केलंय. अरब देशांतून आलेला, छावणीत अडकलेला, मोठ्या कुटुंबाचा बाप आणि त्याला नाचवणारी नोकरशाही. पण त्या ज्यूंचं हसं केलं अशी टीका झाली, आणि ती मला निराधार वाटत नाही. खरं तर किशोनचा जास्त राग बाबू लोकांवर आहे. तरी युरोपातून आलेल्याने पूर्वेकडच्याला आळशी रंगवावं हे खुपतंच. कोकणातले बेने इस्रायली ज्यूही त्याच काळात तिकडे गेले. त्यांनाही वेगळ्या रंगाचे म्हणून सोसावं लागलंय. तेव्हा हे हसणं कुणाच्या बाजूचं, हा प्रश्न मनातून जात नाही.

आणि जर्मनी. त्याच्या पुस्तकांच्या जगभर सुमारे ४ कोटी ३० लाख प्रती खपल्या असं सांगतात, त्यातल्या ३ कोटींहून जास्त जर्मन भाषेत. ज्यांनी त्याला रांगेत उभं केलं, त्यांची मुलं त्याच्या सहीसाठी रांगेत उभी राहिली. त्याने त्या मुलांचा द्वेष केला नाही. त्यांना रांगेत पाहून समाधान वाटतं असं तो उघड म्हणायचा. मी असं करू शकले असते का? आज तरी 'हो' लिहायला हात धजत नाही.

घरी, इस्रायलमध्ये, आपली कदर होत नाही अशी सल त्याला राहिली. वर्षातला बराचसा काळ तो स्वित्झर्लंडला अपेनझेलमध्ये राहू लागला. इस्रायल पुरस्कार मिळाला तो २००२ मध्ये, आणि त्याच वर्षी सारा गेली, त्याच्या लेखांतली ती 'जगातली सर्वोत्तम बायको'. तो २९ जानेवारी २००५ ला अपेनझेलमध्ये गेला, ऐंशी वर्षांचा होऊन. दफन मात्र तेल अवीवला, ट्रम्पेलडोर दफनभूमीत.

बारा वाजले. पुस्तक माळ्यावरच्या पेटीत आहे, सकाळी काढायचं.

शुक्रवार

पुस्तक सापडलं. पानं पिवळी पडलीत, समासात माझ्या पेन्सिलीने लिहिलेले मराठी अर्थ अजून आहेत. वर्गानंतर तिला थांबवलं, हैफाच्या बंदराची गोष्ट सांगितली आणि कालव्याचा लेख पुढे ठेवला. मोठ्याने वाच म्हटलं. अडखळत वाचत गेली. लिंगं चुकली, दोन शब्द मला विचारले. पोलीस येऊन वाहतूक वळवतात तिथे आली, आणि मी अर्थ सांगायच्या आत हसली. मग वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

पुस्तक तिच्याकडेच आहे.