चुलवणाची धग आणि एम ७७

आज वाळव्याकडे मामांच्या गुऱ्हाळावर होतो. काहिलीत रस उकळत होता. चुलवणाच्या तोंडाशी उभं राहवेना, पण चार हात मागे भिंतीला पाठ टेकली तर छान ऊब लागत होती. मग वाटलं, ही ऊब जाळाची, की दिवसभर उन्हात तापलेल्या भिंतीची?

अगदी हाच प्रश्न सक्रिय दीर्घिकांबद्दल आहे: त्यांच्यातली धूळ तापते कशाने? केंद्रात प्रचंड कृष्णविवर, त्यात कोसळणारं द्रव्य लखलखतं. जवळची धूळ हजारेक केल्विनपर्यंत तापते, पण ती चमकते काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशात. शंभर मायक्रॉनच्या आसपासचा दूर-अवरक्त प्रकाश येतो तो तीसेक केल्विनच्या, म्हणजे उणे २४० अंशांच्या थंडगार धुळीतून! ती बहुतेक केंद्रापासून दूर, दीर्घिकाभर पसरलेली. तिला ऊब देतात मुख्यतः नव्याने जन्मणारे तारे. २००९ ते २०१३ या काळात हर्शेल या अवकाश दुर्बिणीने केलेल्या निरीक्षणांचा कलही बराचसा याच बाजूला आहे. क्वेसारांत, म्हणजे अतितेजस्वी केंद्र असलेल्या सक्रिय दीर्घिकांत मात्र केंद्राचा जाळ किती दूर पोचतो, यावर अजून वाद आहे. मला तो वाद फार आवडतो.

अंधार पडल्यावर मामांना तिमिंगल तारकासमूह दाखवला. त्यात एम ७७ ही अशीच एक सक्रिय दीर्घिका आहे, साडेचार कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. मामा बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी तिथंबी भिंतच तापलीया म्हण की."