सातारा जवळच की!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडून मी एक उन्हाळा आर्क्टिकला जाऊन आले, तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, कोणीतरी विचारतंच: "ते शेवटचं छोटं विमान होतं ना, ते किती लांबचं? किती वेळ लागतो?"

नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड हा बेटांचा समूह आहे. तिथल्या लाँगइयरब्येन या मुख्य गावापासून नी-ओलेसुंड या संशोधकांच्या वस्तीपर्यंत, सरळ रेषेत साधारण ११० किलोमीटर. विमानाला पंचवीसेक मिनिटं. साताऱ्याच्या मामाला मी "पुणे-सातारा" असं सांगितलं, तर तो म्हणाला, "मग गाडीनं का नाही गेलीस?"

रस्ताच नाही, मामा. स्वालबार्डमध्ये एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ता जात नाही. मध्ये हिमनद्या आणि फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या. उन्हाळ्यात बोट, नाहीतर हे विमान.

माझ्या भाच्यानं मोबाइलवर शोधून अडतीस मिनिटं काढली होती. अंतर बरोबर, वेळ हिशोबी. असल्या हिशोबात बऱ्याचदा जेटचा वेग धरतात आणि चढ-उतारासाठी सरसकट अर्धा तास जोडतात. इथे जेट कुठलं? दोन पंख्यांचं डॉर्नियर २२८, आपल्याकडे कानपूरला एचएएल ही सरकारी विमान कंपनी बनवते तेच. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, त्यामुळे ते फार उंच जात नाही आणि खालच्या हिमनद्यांच्या भेगा मोजता येतील इतक्या स्पष्ट दिसतात. पलीकडची धावपट्टी खडीची, जेमतेम ८०० मीटर. तिकीट आपल्याआपण काढता येत नाही; नी-ओलेसुंड चालवणाऱ्या किंग्ज बे या कंपनीकडून जागा मिळते.

गोव्याहून ऑस्लोपर्यंतचा प्रवास म्हणजे नेहमीचाच, कंटाळवाणा. ऑस्लोहून लाँगइयरब्येन जवळपास २००० किलोमीटर, तीन तासांच्या आसपास. तिथवर मी वेळेवर पोचले. आणि मग या ११० किलोमीटरसाठी तीन दिवस बसून राहिले. गंमत म्हणजे लाँगइयरब्येनला लख्ख ऊन होतं, रात्री अकरालासुद्धा. धुकं होतं ते पलीकडे. रोज सकाळी बॅग काट्यावर ठेवायची, दुपारी परत खोलीवर आणायची. तिसऱ्या दिवशी काट्यावरच्या माणसानं बॅगेकडे न बघताच आकडा लिहिला.

चौथ्या दिवशी उडालो. समोरच्या सीटच्या मागे अडकवलेला माहितीचा कागद पुरता वाचूनही झाला नव्हता, तर विमान खाली यायला लागलं. इंजिनाच्या आवाजात शेजारचा काय बोलत होता ते मला अजून कळलेलं नाही.

फोन फ्लाइट मोडवर होता. उतरल्यावर मी सवयीनं तो काढायला गेले, तर घ्यायला आलेल्या मुलीनं हातानंच थांबवलं. नी-ओलेसुंडमध्ये मोबाइल, वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद ठेवतात. दूरच्या क्वेसारांचे, म्हणजे अतितेजस्वी आकाशगंगा-केंद्रांचे, रेडिओ संकेत टिपणाऱ्या तिथल्या अँटेनांना आपला फोन म्हणजे कानाशी वाजणारा ढोल. म्हणजे फ्लाइट मोड विमानापुरता नाही, मुक्काम संपेपर्यंत.

'हिमाद्री' हे आपलं केंद्र तिथे २००८ पासून आहे. बूट काढून आत गेले, तारेनं जोडलेला संगणक शोधला आणि मामाला एका ओळीचा ईमेल टाकला: पोचले.

संध्याकाळी त्याचं उत्तर आलं: "इतक्यात? बघ, सातारा जवळच की!"