नाल्यापलीकडे गेलेली शेतं

धडगाव तालुक्यातल्या एका पाड्याचे वनहक्क दावे परत आले, तेव्हा बहुतेकांवर शेरा एकच होता: 'नकाशावर जागा जुळत नाही.' मी नंदुरबार जिल्ह्यात ग्रामसभांसाठी जीआयएसचं, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं काम करतो. पाड्यातल्या पोरांनी मोबाइल हातात घेऊन, शेताच्या बांधाबांधाने चालून केलेली ही मोजणी. हातातलं सगळं बाजूला ठेवलं आणि दोन थर एकावर एक लावले. खाली वनकक्षांचा, म्हणजे वन विभागाने पाडलेल्या जंगलाच्या तुकड्यांचा नकाशा, वर शेतांच्या हद्दी.

शेतं खरंच जुळत नव्हती. काही नाल्यावर आडवी पडलेली, काही थेट शेजारच्या कक्षात. पण बारकाईने पाहिलं तर सगळी एकाच बाजूला, जवळपास सारख्याच अंतराने सरकलेली. मोबाइलची चूक असती तर एक शेत इकडे गेलं असतं, दुसरं तिकडे.

दावेदारांपैकी एक बाबा शेजारी बसले होते. पडद्यावरची निळी रेघ त्यांना दाखवली. ते म्हणाले, "भाऊ, नाला माझ्या शेताच्या खालून जातो. वरच्या अंगाला नुसता खडक आहे. तिथे पाणी कुठून येणार?"

मग कक्षांचा थर उघडून पाहिला. तो शेपफाइल या नेहमीच्या नकाशा-स्वरूपात होता. शेपफाइल म्हणजे एक फाइल नसते, चारपाच फाइलींचा जुडगा असतो. अक्षांश-रेखांशाचे आकडे कोणत्या संदर्भप्रणालीतले, म्हणजे पृथ्वीचा कोणता आकार धरून मोजलेले आहेत हे सांगणारी डॉट पीआरजे फाइल त्यात नव्हतीच. हातोहाती पाठवताना कुठेतरी गळली असणार. त्यामुळे तपासणाऱ्याच्या संगणकाने ते आकडे डब्ल्यूजीएस ८४ चे, म्हणजे मोबाइलचं जीपीएस वापरतं त्या प्रणालीचे धरले. प्रत्यक्षात ते जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या छापील नकाशावरून उतरवलेले. तो नकाशा १८३० च्या एव्हरेस्ट लंबगोलावरचा, म्हणजे पृथ्वीचा तेव्हा धरलेला आकार वापरणारा. आपल्या भागात या दोन प्रणालींत शंभरेक मीटरचा फरक पडतो. आता हिशोब करा. वनहक्क कायद्यात वैयक्तिक दाव्याला कमाल मर्यादा ४ हेक्टरची. चौरस तुकडा धरला तर बाजू २०० मीटर. म्हणजे शंभर मीटर सरकलं की अर्धं शेत गेलं, आणि डोंगरउतारावरची बहुतेक शेतं त्याहून कितीतरी लहान.

खात्री करायला दुपारी पाड्यावर गेलो. दोन नाल्यांचा संगम आणि टेकडीच्या माथ्यावरची सर्वेक्षणाची खूण, ही ठिकाणं टोपोशीटवरही आहेत आणि जमिनीवरही. दोन्हीकडे जीपीएसचं वाचन घेतलं. फरक तेवढाच, दिशाही तीच. संध्याकाळी थराला त्याची खरी प्रणाली नेमून दिली, तो डब्ल्यूजीएस ८४ मध्ये बदलून घेतला आणि नाला शेतांच्या खाली गेला. बाबा सांगत होते तिथेच.

मला राग आला तो याचा, की हे टाळायची सोय केव्हाची झालेली आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराच्या नकाशांसाठी डब्ल्यूजीएस ८४ ठरवून दिलं. नकाशाची वर्णनमाहिती (मेटाडेटा) कशी लिहावी याचं आयएसओ १९११५ हे मानक आहे. २०२२ चं राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही माहिती खुली करण्यावर भर देतं. तरी आपल्याकडे फाइल पाठवली की माहिती दिली असं धरतात. ती कुठून आली, कधीची, कोणत्या मापाच्या नकाशावरून काढली, हे कुणी विचारत नाही आणि कुणी लिहितही नाही.

पुढे महसूल, वन आणि आमची संस्था असे तिघे एकत्र बसलो. एक पानाचा करार झाला. यापुढे थर जिओपॅकेज या फाइल-प्रकारात द्यायचा, कारण त्यात संदर्भप्रणाली त्याच एका फाइलमध्ये राहते आणि देवनागरी नावांची प्रश्नचिन्हंही होत नाहीत. गाव नावाने नव्हे, एलजीडी कोडने, म्हणजे सरकारी यादीतल्या त्याच्या क्रमांकाने ओळखायचं. खुर्द-बुद्रुकचे घोळ आहेतच, शिवाय जुन्या कागदांवर जिल्हा धुळे असतो. नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. सर्वांत जास्त ताणाताणी झाली ती चूक सापडल्यावर दुरुस्ती कुणी करायची यावर. शेवटी ठरलं: थर ज्याचा, दुरुस्ती त्याची, आणि बाकी दोघांना कळवायची जबाबदारीही त्याचीच.

पाड्याचे दावे नव्या नकाशांसह फेरविचाराला गेले आहेत. शेजारच्या तालुक्याचा थर अजून पीआरजेविना फिरतो आहे, म्हणून तिथले फेटाळलेले दावे आम्ही एकेक करून तपासायला घेतले आहेत. तुमच्या ग्रामसभेच्या कागदांवर असाच शेरा असेल, तर आधी लेखी विचारा: कक्षांचा नकाशा कोणत्या संदर्भप्रणालीतला होता?