कावळ्याच्या चौथ्या भागाला मराठी सबटायटल: माझा अनुभव

‘द क्रो’ (म्हणजे कावळा) या इंग्रजी सिनेमांच्या मालिकेचा चौथा भाग, २००५ चा ‘विकेड प्रेअर’, कुणी आपणहून मराठीत आणावा असा सिनेमा नाही. १९९४ च्या पहिल्या भागाचा दबदबा होता. त्याच्या चित्रीकरणात ३१ मार्च १९९३ ला, नळीत अडकून राहिलेला गोळीचा तुकडा सुटून नायक ब्रँडन ली गेला, आणि मरून परत येणाऱ्या माणसाची गोष्ट लोकांनी वेगळ्याच नजरेनं पाहिली. १९९६ आणि २००० च्या भागांत तोच साचा फिरला. चौथा सिएटलमधल्या एका थिएटरात आठवडाभर दाखवून डीव्हीडीवर गेला. नांदेडात घरच्या घरी चारही भाग सलग लावायचे म्हणून आम्ही चौघांनी सबटायटल केली. डीव्हीडी स्वतःची, बघणारे घरचे. हॉल घेऊन लोकांना दाखवायचं असेल तर हक्क असणाऱ्याचा परवाना लागतो, तो विषय वेगळा.

पहिली अडचण अशी, की डीव्हीडीतली इंग्रजी सबटायटल मजकूर नसतातच, ती चित्रं असतात. सबटायटल एडिट या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं मशीनकडून ओळखून घेऊन, त्यांचा मजकूर करावा लागतो. त्यात कॅपिटल आय आणि स्मॉल एल यांची हमखास अदलाबदल होते. ते आधी निस्तरावं, नाहीतर भाषांतर करणारा नसलेल्या शब्दाचा अर्थ शोधत बसतो.

दुसरी अडचण वेळेची. नेटवरची सबटायटलची तयार फाइल (एसआरटी) लावली की पहिलं एखादं मिनिट थोडाच फरक वाटतो, पण तासाभरानं ओळ अडीच मिनिटं मागं राहते. चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं, म्हणजे भारत-युरोपातल्या ‘पाल’ पद्धतीचं, आणि फाइल २३.९७६ ची असते म्हणून. फरक जर सगळीकडं सारखाच असेल तर सगळ्या ओळी तेवढ्याच पुढंमागं सरकवायच्या. वाढत जाणारा असेल तर सरकवून काही होत नाही, ‘चेंज फ्रेम रेट’मधून २३.९७६ चे २५ करावे लागतात. इथं एक खड्डा आहे. एनटीएससी, म्हणजे अमेरिकी पद्धतीची, डीव्हीडी सॉफ्टवेअरला २९.९७ ची दिसते, पण सिनेमाच्या फ्रेम तिच्यात २३.९७६ च्याच असतात, बाकीच्या भरतीच्या. २९.९७ धरून बदल केला की सगळाच बट्ट्याबोळ. पहिला आणि शेवटचा संवाद कानानं ऐकून दोन्हीकडं ओळ जुळते का ते बघायचं. मधलं मग आपोआप जुळतं.

वेळेचे आकडे फाइलीत इंग्रजीच ठेवा. मराठी आकडे टाकले तर बहुतेक प्लेअर ती ओळ गाळतात. सेकंद आणि मिलिसेकंदांच्या मध्ये टिंब नको, स्वल्पविराम हवा. आणि फाइल सेव्ह करताना ‘एन्कोडिंग’मध्ये यूटीएफ-८ निवडा, त्यात मराठी अक्षरं टिकतात. नोटपॅडमध्ये चुकून एएनएसआय निवडलं की सगळं मराठी प्रश्नचिन्हं होऊन बसतं आणि ते परत येत नाही. आमच्या दोनशे ओळी अशाच गेल्या.

आता शब्द. इथं कामाचे दिवस खरे गेले.

या मालिकेचा सगळा डोलारा एका समजुतीवर आहे: माणूस वाईट रीतीनं मेला, त्याचं काही राहून गेलं, तर कावळा त्याचा आत्मा परत आणतो. गोदाकाठच्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. दहाव्याला घाटावर पिंड मांडलेला असतो, कावळे लिंबावर बसून बघत असतात, खाली कुणी उतरत नाही. मग घरातला थोरला पुढं होऊन म्हणतो, “बहिणीचं लग्न आम्ही लावून देऊ, घोर करू नका.” तरीही नाही शिवला तर शेवटी दर्भाचा कावळा करून शिववतात. म्हणून आमच्यातल्या एकाचा आग्रह होता, की नायक परत येतो तिथं ‘याच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता’ अशी ओळ टाकू. कानाला झकास लागते, पण चूक आहे. आपला कावळा शिवला म्हणजे जीव सुटला. सिनेमातला कावळा जिवाला उलटा घेऊन येतो, आणि सूड पुरा झाल्यावरच नेतो. दोन्ही कावळ्यांचं काम विरुद्ध. एकदा ती ओळ टाकली की बघणारा उरलेला सिनेमाभर चुकीचा नियम डोक्यात धरून बसतो. पहिल्या भागात तर पक्ष्याला गोळी लागल्याबरोबर नायकाच्या जखमा भरणं थांबतं. हा नियम कळला नाही तर शेवटची मारामारी फुकट जाते. म्हणून शब्द साधे ठेवले: ‘कावळा’, ‘आत्मा’, ‘राहून गेलेलं’, ‘परत’. चारही भागांत तेच, एका वहीत लिहून.

कावळा सगळीकडं कावळाच, एक जागा सोडून. पहिल्या भागात नायक एडगर ॲलन पोच्या १८४५ च्या कवितेतल्या ओळी बोलतो, तिथला पक्षी डोमकावळा. तो वेगळा दाखवला नाही तर संदर्भ जातो. चौथ्यातल्या नायकाचं आडनाव क्वेर्वो, स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थच कावळा. ते मराठीत येत नाही. कंसात अर्थ द्यायला ओळीत जागा नव्हती, आणि कंस वाचणाऱ्याचं लक्ष चेहऱ्यावरून उडतं. सोडून दिलं.

चौथ्याची गोष्ट आदिवासींच्या राखीव मुलखात घडते. इंग्रजीत त्याला रिझर्व्हेशन म्हणतात. मशीनकडून भाषांतर करून घेतलेल्या पहिल्या खर्ड्यात सगळीकडं ‘आरक्षण’ आलं होतं. ‘आरक्षणावर खून झाला’ ही ओळ जालना-बीडच्या माणसानं वाचली तर सिनेमा तिथंच संपला. आम्ही ‘वस्ती’ केलं, आणि जिथं जमिनीचा हक्क महत्त्वाचा तिथं ‘राखीव जमीन’.

खलनायकाच्या टोळीतल्या चौघांची नावं बायबलमधल्या घोडेस्वारांवरून: युद्ध, दुष्काळ, मरी, मृत्यू. ‘महामारी’ लिहिलं की कोरोना आठवतो. ‘मरी’ हा शब्द मराठी बायबलातही आहे आणि मरीआईमुळं आपल्याला परकाही नाही, शिवाय दोनच अक्षरं. दुष्काळ मात्र जड गेला. आमच्याकडं १९७२ सांगणारी माणसं अजून आहेत, गुंडाचं नाव म्हणून तो शब्द त्यांना खटकतो. तरी तोच ठेवला. पर्याय नाही.

टोळीचा म्होरक्या सैतानाला आपल्या शरीरात घेऊ पाहतो. ‘अंगात येणं’ म्हटलं की डोळ्यांपुढं हळदीकुंकू, परडी आणि तुळजापूर येतं, म्हणून ‘संचार’ आणि ‘झपाटणं’ यांवर भागवलं. नावातल्या ‘विकेड प्रेअर’साठी ‘करणी’ सुचलं होतं. पण करणी दुसऱ्यावर करतात, हा तर स्वतःवरच ओढवून घेतो. ‘अघोरी प्रार्थना’ बरं पडलं.

टोळीवाल्यांच्या तोंडी आपली बोली घालून पाहिली. ‘काय करायलास?’, ‘कामून मारलं?’ वगैरे. वाचताना मजा आली, पडद्यावर लोक हसले. सिनेमांनी मराठवाडी बोली इतकी वर्षं विनोदाला वापरली, की खुनाच्या प्रसंगात ती टिकत नाही. राग येतो, पण ओळी बदलल्या. शिव्यांचं उलटं: ऐकताना चालतात, लिहिलेल्या दुप्पट लागतात. ‘हरामखोर’च्या पुढं गेलो नाही.

या भागाचे संवाद मुळातच फुगलेले आहेत. ते मराठीत सुधारायचा मोह होतो, आणि तो आवरावा लागतो. नट ओरडतोय आणि खाली शांत, नेमकं वाक्य असं झालं तर बघणाऱ्याला वाटतं सबटायटल चुकलंय. सिनेमा वाईट तर वाईट, आपण त्याचा वकील नाही.

लांबीचा हिशोब इंग्रजीसारखा करू नका. इंग्रजीत एका ओळीला ४२ चिन्हं ही रूढ मर्यादा आहे. सॉफ्टवेअर मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजतं. ‘मृत्यू’ डोळ्याला दोन अक्षरं, मशीनला सहा. त्यामुळं वाचायला सोपी ओळही लाल दिसते. आम्ही अक्षरं मोजली: ओळीत २० ते २२, जास्तीत जास्त दोन ओळी, किमान एक सेकंद, दोन सबटायटलांमध्ये दोन फ्रेमची फट. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून लांब वाक्य दोन सबटायटलांत तोडलं की ‘मारलं’ हा शब्द दुसऱ्यात जातो आणि चेहरा बदलून गेलेला असतो. अशा जागी एकाची दोन छोटी वाक्यं करायची: ‘तूच होतास. तू मारलंस तिला.’

सगळं झाल्यावर पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावलं. वेलांटी अक्षराच्या मागं, जोडाक्षरं हलन्त दाखवत सुटलेली. टीव्हीच्या प्लेअरला अक्षरं जुळवता येत नाहीत, फाइलीचा दोष नसतो. कॉम्प्युटरवर व्हीएलसी या प्लेअरच्या नव्या आवृत्तीत सेटिंगमध्ये जाऊन मंगल किंवा नोटो सॅन्स देवनागरी फॉन्ट निवडला की नीट दिसतं. सूडाच्या सिनेमात ‘मारणाऱ्याला’ वारंवार येतं. त्यातला अर्धा र टाइप करताना नुक्त्याचा ऱ वापरा, साध्या र-ला अदृश्य जोडचिन्ह लावून केलेला काही फॉन्टांत फुटतो.

टीव्हीवरच बघायचं असेल तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बर्न इन’ करून ओळी चित्रावर छापून टाकायच्या. त्याआधी दोन मिनिटांचा तुकडा छापून बघा. आम्ही बघितला नाही. रात्रभर मशीन चाललं आणि सकाळी कळलं, की ‘राखीव’मधला ‘रा’ एका ओळीत गळालाय. एसआरटी जपून ठेवली होती म्हणून दुरुस्त करून पुन्हा छापता आलं.