एक दिवा, एक थर्माकोल आणि मोजपट्टी

स्टुडिओ पोर्ट्रेट शिकते आहे म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, कॅमेरा कुठला? आणि मग विचारतात, दिवे किती? दिवा एकच. या सत्रात मॅडमनी आम्हाला दुसऱ्या दिव्याला हात लावू दिलेला नाही. एक फ्लॅश, त्यावर ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (उजेड पसरवून मऊ करणारी, पांढऱ्या कापडाची पेटी), उजेड परतवायला एक पांढरा थर्माकोल, शोषून घ्यायला एक काळा, बसायला स्टूल आणि मागे राखाडी कागद. वर्गात थोडी कुरकुर झाली. मला मात्र आता मनापासून वाटतं की चेहऱ्यावरचा प्रकाश शिकायचा तर असाच शिकावा. दिवा एकच असला की कुठली सावली कुठून आली ते बोट ठेवून सांगता येतं. तीन दिवे लावले की सावल्या एकमेकींत मिसळतात, आणि काय बिघडलंय याचा पत्ता लागत नाही.

एक्स्पोजर लवकर उरकतं. आयएसओ १००, शटर १/१२५, अॅपर्चर एफ/८, आणि फ्लॅश बंद ठेवून एक फ्रेम घ्यायची. ती पूर्ण काळी आली म्हणजे खोलीतल्या ट्यूबचा प्रकाश फोटोत शिरत नाही. आता जे दिसेल ते सगळं फ्लॅशचं. शटरचा वेग वाढवून फ्लॅशचा उजेड कमी होत नाही, कारण त्याची चमक शटरच्या वेळेपेक्षा खूपच छोटी असते. उलट सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा शटरचा कमाल वेग, ओलांडला की फोटोच्या कडेला काळा पट्टा येतो. हे एकदा कळलं की कॅमेऱ्याकडे फारसं बघावं लागत नाही.

खरा अभ्यास आहे तो अंतराचा. माझ्या बॅगेत लेन्सच्या शेजारी मोजपट्टी असते आणि प्रत्येक फोटोखाली मी दिव्याचं अंतर वहीत लिहिते. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, हे शाळेत शिकलेलंच असतं. ते स्टुडिओत किती कामाचं आहे बघा. दिवा चेहऱ्यापासून १ मीटरवर आणि मागचा कागद चेहऱ्याच्या १ मीटर मागे असेल, तर कागद दिव्यापासून २ मीटरवर पडतो. म्हणजे त्याच्यावर पूर्ण दोन स्टॉप कमी प्रकाश (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). राखाडी कागद जवळजवळ काळा दिसतो. माणूस आणि कागद न हलवता दिवा ३ मीटरवर न्या आणि चेहऱ्याचं एक्स्पोजर पुन्हा जुळवा. आता कागद ४ मीटरवर आहे, फरक एका स्टॉपहूनही कमी, आणि तोच कागद स्वच्छ राखाडी येतो. कागद तोच, दिवा तोच, फक्त स्टँड सरकला. मोठ्या सॉफ्टबॉक्सला अगदी जवळून हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा चुकत नाही.

अंतराबरोबर सावलीची कडही बदलते. सॉफ्टबॉक्सचा प्रकाश मऊ असतो तो जवळ असेपर्यंतच. बसलेल्या माणसाला तो केवढा दिसतो यावर सगळं अवलंबून आहे. मला हे नाकाच्या सावलीत सगळ्यात नीट दिसतं. मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे सावल्या आधीच दिसाव्यात म्हणून फ्लॅशमध्येच असलेला सतत जळणारा छोटा दिवा, लावून दिवा मीटरभरावर ठेवला की नाकपुडीजवळ गडद असलेली सावली गालाकडे जाताना हळूहळू विरत जाते, ती नेमकी कुठे संपली ते सांगता येत नाही. दिवा मागे नेत जा, तशी ती कड घट्ट होत जाते, आणि ३ मीटरवर ओठाच्या वर एक रेष उभी राहते. मी आता कुणाचंही पोर्ट्रेट बघताना आधी तिथेच बघते.

मध्यंतरी वर्गातल्या मैत्रिणीचे आजोबा फोटोसाठी बसायला आले. रापलेला सावळा चेहरा, कपाळावर ठसठशीत आठ्या, डोळे खोल. आम्हाला रेम्ब्रांट लायटिंग करायचं होतं. दिवा बाजूला साधारण ४५ अंशांवर आणि डोळ्यांच्या बराच वर, म्हणजे नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातल्या त्या डच चित्रकाराच्या चित्रांत चेहऱ्यांवर असा प्रकाश दिसतो, म्हणून हे नाव. त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद नको आणि नाकापेक्षा लांब नको, एवढं लक्षात ठेवायचं.

ते येण्याआधी मैत्रिणीला स्टुलावर बसवून मी सगळं जुळवून ठेवलं होतं, म्हणजे नंतर त्यांच्याशी गप्पाच मारता येतील. पण नातीच्या चेहऱ्यावर बसलेला प्रकाश आजोबांना जसाच्या तसा कसा चालेल! भुवयांची सावली थेट डोळ्यांत उतरली आणि बुबुळं विझल्यासारखी दिसायला लागली. स्टँड बोटबोट खाली घेत गेले. त्रिकोण थोडा मोठा झाला तरी चालेल, पण डोळ्यांत कॅचलाइट, म्हणजे दिव्याचं चमकणारं प्रतिबिंब, हवंच. घड्याळात दहा वाजतात त्या जागी पांढरा चौकोन चमकला, तिथे थांबले.

"बाळ, त्या दिव्याला किती सरकवशील? मीच वळतो ना," आजोबा म्हणाले आणि दिव्याच्या बाजूला वळले.

ते बोलले अगदी सहज, पण त्या एका वळण्याने सगळा फोटो बदलला. कॅमेऱ्याच्या जवळचा गाल सावलीत गेला, पलीकडची बाजू उजळली, चेहरा निमुळता झाला आणि आठ्या कोरल्यासारख्या वर आल्या. याला शॉर्ट लायटिंग म्हणतात. ते दिव्यापासून दूर वळले असते तर जवळचा रुंद गाल उजळला असता, म्हणजे ब्रॉड. दोन्ही मी वहीत आकृत्या काढून पाठ केलं होतं, समजलं ते तेव्हा.

सावळ्या रंगाबद्दल एक सांगायलाच हवं. "फ्लॅश वाढव, उजळ येईल" हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो मला अजिबात पटत नाही. त्याने चेहरा फिका पडतो आणि माणूस स्वतःसारखा दिसत नाही. सावळ्या त्वचेवर आकार दिसतो तो तिच्यावरच्या चकाकीमुळे. म्हणून दिवा मोठा आणि जवळ हवा, म्हणजे कपाळावर आणि गालाच्या हाडावर छोटा पांढरा डाग न पडता पसरट, मंद झळाळी येते. आजोबांच्या सावलीतल्या गालाजवळ पांढरा थर्माकोल लावून बघितला, गाल सपाट झाला. तो काढून काळा लावला आणि जबड्याची रेघ नीट उभी राहिली.

युसूफ कार्श हा मोठा पोर्ट्रेटकार. १९४१ मध्ये चर्चिलच्या तोंडातला सिगार काढून घेऊन त्याने टिपलेला फोटो प्रसिद्धच आहे. तो आधी बॉस्टनमध्ये जॉन गॅरो या छायाचित्रकाराकडे नैसर्गिक उजेडात काम शिकला आणि दिव्यांशी त्याची खरी ओळख झाली ती ओटावात, नाटकाच्या रंगमंचावर. हे वाचल्यापासून मी नाटकाला गेले की लाइट कुठून येतोय ते मान वर करून बघते.

शेवटी आजोबांनी खिशातून चष्मा काढून लावला. "आता माझा रोजचा फोटो काढ." काचांत अख्खा सॉफ्टबॉक्स दिसायला लागला. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, तेव्हा तो परतीचा रस्ता कॅमेऱ्यावरून दुसरीकडे वळवायचा. दिवा पुन्हा वर आणि जरा बाजूला घेतला, चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित उचलल्या म्हणजे काचा खाली झुकल्या, आणि म्हणाले, "आजोबा, हनुवटी थोडी खाली घ्या." काचा स्वच्छ झाल्या. कॅचलाइट मंद झाला, तो मी चालवून घेतला.

नातीला बिनचष्म्याचा फोटो आवडला, आजोबांना चष्म्याचा. मलाही चष्म्याचा जास्त आवडतो, कारण त्यात ते ऐटीत बसलेत. त्या फोटोखालची नोंद जशीच्या तशी देते, कुणाला करून बघायचं असेल तर: ८५ एमएम, एफ/८, सॉफ्टबॉक्स कॅमेऱ्याच्या डावीकडे, चेहऱ्यापासून १२० सेंटिमीटर, मधला बिंदू डोळ्यांच्या ७० सेंटिमीटर वर, काळा थर्माकोल उजवीकडे फ्रेमच्या अगदी बाहेर, कागद १५० सेंटिमीटर मागे. तुमच्या समोरचा चेहरा वेगळा असेल, तेव्हा सुरुवात इथून करा आणि उंची डोळे बघून ठरवा.