आमची वाटचाल : नौपाड्यातली एक खोली

१९९६ साली ठाण्यातल्या नौपाड्यात भाड्याच्या खोलीत मी इंग्रजी संभाषण आणि लेखनाचे वर्ग सुरू केले. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, त्याआधी ते पाचवीपासून असायचं. व्याकरण तोंडपाठ आणि तोंड मात्र बंद, अशी मुलं यायची. भांडवल म्हणजे फळा, टेपरेकॉर्डर आणि जुना टाइपरायटर. त्यावर 'आर' अर्धाच उमटायचा.

प्रत्येकाला मिनिटभर बोलायला लावायचं आणि लगेच टेप ऐकवायची. निम्मी लाजायची, पण काळ कुठे घसरला ते ज्याचं त्याला कळायचं. वहीत मी आजही उत्तर लिहून देत नाही, समासात फक्त खूण करते. काळ चुकला की गोल, आर्टिकल गळलं की फुली. मराठीत आर्टिकल नाहीच, त्यामुळे फुल्यांना तोटा नाही.

वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीतले एक सुपरवायझर पहिली पाळी संपवून यायचे. म्हणायचे, "मॅडम, मशीन का बंद पडलं ते तोंडी सांगतो. लिहिलं की साहेब माझी अक्कल काढतो."

२००४ मध्ये आमच्याकडेच शिकवणाऱ्या एका सरांनी समोरच्या इमारतीत क्लास काढला. एसी, आणि बाहेर फलक : 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'. जूनच्या बॅचला माझ्याकडे सहा मुलं उरली, भाडं थकलं. एका मुलीने तिकडच्या नोट्स दाखवल्या, तर त्यातही 'आर' अर्धाच! सरांना विचारलं तर उत्तर मिळालं, "नोट्स काय कुणाच्या मालकीच्या असतात?" ती झेरॉक्स मी अजून जपून ठेवली आहे. त्या वर्षी तारलं ते सुपरवायझरांनी. कंपनीत शब्द टाकून रिपोर्ट लिहिणाऱ्यांची अख्खी बॅच त्यांनी माझ्याकडे आणली. समोर आता चष्म्याचं दुकान आहे. आनंद झाला असं म्हणणार नाही, दुःखही झालं नाही.

पुढची वर्षं बरी गेली. हल्ली आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची मुलं जास्त. तिथे बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. मधल्या भागात एक मिनिट विचार करायचा आणि एक-दोन मिनिटं बोलायचं, म्हणजे आमचं टेपरेकॉर्डरचंच काम. लेखनात १५० शब्दांच्या आलेखावर अर्धा तास घालवणाऱ्यांना सांगते, दुसऱ्या, २५० शब्दांच्या निबंधाला दुप्पट वजन आहे, तो आधी लिहा. आणि पालकांनो, डेमो लेक्चरला भुलू नका. तपासलेली वही मागा. आमच्याकडे ती टेबलावरच असते.